पाण्याची गोळी आणि आयुष्याची गोळी : करवीरमधल्या एका गुळव्याचं हार्ट फेल्युअर

पार्श्वभूमी

करवीर तालुक्यातलं पंचगंगेकाठचं गाव. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. रुग्णाला घरात सगळे आण्णा म्हणतात, म्हणून इथेही आण्णाच.

आण्णा गुळव्या. काहिलीत रस उकळत असताना मळी कधी काढायची, पाक कधी उतरवायचा हे नजरेनं ओळखणारा माणूस. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून बोटांनी दाबून बघायचा आणि 'झाला' म्हणायचं; त्याच्या एका शब्दावर अख्खी काहील उतरते. हंगामात रोज दहा-बारा तास चुलवाणाच्या धगीसमोर. वय ५८, नऊ वर्षांचा मधुमेह, जोडीला तंबाखू आणि बिडी.

मे २०२० मध्ये एका रात्री छाती भरून आली आणि दरदरून घाम फुटला. घरच्यांना वाटलं, पित्त झालंय. तेव्हा दवाखान्यात जायचं म्हणजे कोरोना घेऊन यायचं अशी भीती. आल्याचा रस आणि सोडा यांवर तीन दिवस काढले, बरं वाटलं, विषय संपला. तो हार्ट अटॅक होता हे आम्हाला वर्षभरानं, इसीजी आणि इको पाहिल्यावर कळलं. हृदयाच्या पुढच्या भिंतीचा स्नायू तोवर मरून पातळ झाला होता.

जून २०२१. कोल्हापुरात कोरोनाची दुसरी लाट जोरात होती, खाटा मिळत नव्हत्या. आण्णांना आडवं पडलं की गुदमरायला व्हायचं. तीन उशा घेतल्या, मग भिंतीला टेकून बसून झोपू लागले. पाय असे सुजले की चपलेत जाईनात. कोरोनाची तपासणी निगेटिव्ह आल्यावर ते आमच्याकडे दाखल झाले.

आकडे काय सांगत होते

इकोमध्ये हृदयाचं पंपिंग, म्हणजे इजेक्शन फ्रॅक्शन, २५ टक्के. निरोगी माणसात ते ५५ ते ७० च्या दरम्यान असतं. नातेवाईक या एकाच आकड्याला चिकटून बसतात. 'पंचवीस टक्केच हृदय राहिलंय' असं गावभर होतं. पण पंपिंग तेवढंच असलेली दोन माणसं अगदी वेगळं आयुष्य जगू शकतात, कारण पुढचा काळ ठरवायला बाकीचे आकडेही तितकेच बसलेले असतात.

आण्णांचं वरचं बीपी १००. थोरल्या मुलाला हायसं वाटलं, 'बरं झालं, बीपी तरी नाही.' हार्ट फेल्युअरमध्ये, म्हणजे हृदयाचा पंप कमकुवत पडण्याच्या आजारात, गणित उलटं असतं. इथे कमी बीपी म्हणजे पंप थकल्याची खूण, आणि धोका जास्त.

सोडियम १२९, म्हणजे कमी. हे ऐकून आण्णांच्या बायकोनं दुसऱ्याच दिवशी डब्यातून मीठ घातलेली पेज आणली. ही चूक इतक्या घरांत होते की जरा थांबून सांगतो. या आजारात सोडियम कमी दिसतं ते बहुधा शरीरात मीठ कमी पडल्यामुळे नव्हे, पाणी जास्त साठल्यामुळे. हृदयाकडून रक्त कमी आलं की मूत्रपिंडाला वाटतं शरीर कोरडं पडलंय, आणि ते मीठ-पाणी धरून ठेवतं. त्यातही पाणी जास्त धरलं जातं, म्हणून रक्तातलं सोडियम पातळ होतं. त्यावर वरून मीठ घालणं म्हणजे सूज आणि दम वाढवणं.

क्रिएटिनिन १.६, म्हणजे मूत्रपिंडही ओढाताणीत. हिमोग्लोबिन १०.४, फेरिटिन ४८, म्हणजे लोह कमी. अंगानं बारीक. लोकांना बारीक माणूस हृदयाला सुरक्षित वाटतो, पण एकदा हार्ट फेल्युअर झालं की अंगावर मांस नसणं ही जमेची बाजू राहत नाही.

जोखीम मोजायला मॅजिक नावाचा एक गुणांक आहे. ३० अभ्यासांतल्या ३९ हजारांहून जास्त रुग्णांच्या नोंदींवरून तो तयार झाला. त्यात १३ गोष्टी मोजतात : वय, लिंग, पंपिंग, दम किती लागतो, बीपी, वजन-उंचीचं प्रमाण, क्रिएटिनिन, मधुमेह, दमा-ब्राँकायटिससारखा फुप्फुसाचा जुना आजार, धूम्रपान, आजार कळून दीड वर्ष झालं का, आणि शेवटच्या दोन : रुग्ण बीटा ब्लॉकर (ठोके मंदावणारी गोळी) घेतो का, एसीई गटातली (रक्तवाहिन्या सैलावणारी) गोळी घेतो का. या शेवटच्या दोन गोष्टींनी मला फार अस्वस्थ केलं आहे. बाकीच्या अकरा रुग्णाच्या शरीरात आणि सवयीत आहेत. या दोन मात्र माझ्या लेटरहेडवर आहेत. मी गोळी लिहिली नाही, किंवा लिहिलेली गोळी रुग्णाच्या पोटात गेली नाही, तर तोही जोखमीचाच घटक.

आपल्याकडचे आकडे कठोर आहेत. त्रिवेंद्रमच्या नोंदवहीत २०१३ मध्ये दाखल झालेल्या १,२०५ रुग्णांपैकी ५९ टक्के पाच वर्षांत गेले. देशभरातल्या राष्ट्रीय हार्ट फेल्युअर नोंदवहीत १०,८५१ रुग्ण आहेत, त्यातले सुमारे १४ टक्के पहिल्या ९० दिवसांतच दगावले. हे रुग्ण साठीच्या आसपासचे. पाश्चात्त्य देशांत हा आजार साधारण दहा वर्षं उशिरा गाठतो.

पहिला निर्णय आणि त्यातली चूक

शिरेतून लघवीचं औषध दिलं, पाच दिवसांत सात किलो पाणी उतरलं. अँजिओग्राफीत पुढची मुख्य धमनी पूर्ण बंद, बाकीच्या दोन बऱ्यापैकी मोकळ्या.

घरच्यांचं म्हणणं सरळ होतं : 'स्टेंट टाका आणि मोकळं करा.' पैसे उभे करायचीही तयारी होती. पण बंद धमनी ज्या स्नायूला रक्त पुरवत होती, तोच वर्षभरापूर्वी मेला होता. पीक वाळून गेल्यावर पाट मोकळा करून काय उपयोग, असं मी त्यांना सांगितलं. ते पटलं. बायपासचाही विचार झाला. तिन्ही धमन्या खराब असत्या तर तो नक्की पुढे रेटला असता. पुढे २०२२ मध्ये रिव्हाइव्ह्ड हा अभ्यास आला. अशा कमकुवत हृदयात औषधांच्या जोडीला स्टेंट टाकल्यानं मृत्यू किंवा दाखल होण्याचं प्रमाण कमी झालं नाही, असं त्यात दिसलं. तेव्हा तो हाताशी नव्हता, पण निर्णय बरोबर होता.

चूक पुढे झाली. वॉर्डात खाटा हव्या होत्या, आण्णांनाही घरी जायची घाई. ७ जुलैला घरी सोडलं तेव्हा घोट्याशी थोडी सूज होती. ती दिसत असूनही मी 'घरी उतरेल' म्हटलं. फ्युरोसेमाइड (लघवीची गोळी), मेटोप्रोलॉल (बीटा ब्लॉकर) आणि रॅमिप्रिल (एसीई गटातली) लहान मात्रेत लिहिलं. क्रिएटिनिन बघून स्पायरोनोलॅक्टोन 'पुढच्या वेळी' म्हणून ठेवलं. डॅपाग्लिफ्लोझिन लिहिलंच नाही. औषधं १५ दिवसांची, भेट एका महिन्यानं.

हे दोन आकडे एकमेकांशी जुळत नाहीत हे लिहिताना माझ्या लक्षात आलं नाही. रोज असंच लिहीत होतो.

पूर

२२ जुलैला औषधं संपायची होती. त्याच दोन दिवसांत पंचगंगा फुगली. राजाराम बंधाऱ्याजवळची धोक्याची पातळी ४३ फूट. पाणी पन्नाशीच्या वर गेलं, शिरोलीजवळ महामार्ग बंद झाला. २०१९ चा अनुभव ताजा होता, म्हणून गाव लवकर हललं. आधी म्हशी, मग माणसं, मग भांडीकुंडी. गोळ्यांची पिशवी फडताळात राहिली. शाळेच्या खोलीत आठ दिवस काढताना आण्णांनी पोती उचलली, गुडघा धरला. कुणीतरी दुखण्याच्या गोळ्या दिल्या, त्यांनी दिवसाला दोन घेतल्या.

पाणी ओसरल्यावर ते मेडिकलमध्ये गेले. चिठ्ठी चिखलात गेलेली. त्यांना एकाच गोळीचं नाव आठवलं. नंतर मला त्यांनी जे सांगितलं ते शब्दशः लिहितो : 'डॉक्टर, लघवीच्या गोळीनं तासाभरात जावं लागतंय, दम हलका हुतोय. बाकीच्या गोळ्यांचं काय बी कळत न्हाई. मग म्हटलं, जी कळती ती घ्यावी.'

या आजारातली खरी अडचण आण्णांनी या तीन वाक्यांत सांगितली. जी गोळी जाणवते ती पाणी काढते, दम कमी करते. तिनं आयुष्य वाढतं असं कुठल्याही मोठ्या अभ्यासात सिद्ध झालेलं नाही. ज्या गोळ्या आयुष्य वाढवतात त्या जाणवत नाहीत. उलट बीटा ब्लॉकरनं पहिले काही आठवडे गळल्यासारखं वाटतं. शहाणा माणूस स्वतःच्या शरीराच्या अनुभवावरून चालतो, आणि इथे तोच अनुभव त्याला फसवतो. आम्ही हे दाखल असताना त्यांना सांगितलं नव्हतं.

९ ऑगस्टच्या पहाटे आण्णा परत आले. तोंडाला गुलाबी फेस, ऑक्सिजन ८२, मास्कमधून दाबानं हवा देणाऱ्या बायपॅपच्या मशीनवर दोन दिवस. इतक्या लवकर दुसऱ्यांदा दाखल होणं हाच पुढच्या मृत्यूच्या शक्यतेचा मोठा इशारा असतो.

पर्याय

या वेळी घाई केली नाही. समोर तीन वाटा होत्या.

पहिली, जुनी शिकवण : एक औषध सुरू करा, महिनोन्महिने वाढवत पूर्ण मात्रेला न्या, मग दुसरं. यात बीपी सांभाळलं जातं. पण चौथ्या औषधाला पोचायला सहा-आठ महिने लागतात, आणि सगळ्यात जास्त धोका पहिल्या तीन महिन्यांत असतो.

दुसरी, आयुष्य वाढवणाऱ्या चारही गटांची औषधं (मेटोप्रोलॉल, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन, डॅपाग्लिफ्लोझिन) लहान मात्रेत, दवाखान्यातच सुरू करायची, आणि दर आठवड्याला रक्त तपासत वाढवायची. भीती बीपीची, कारण ते ९६ होतं, आणि पोटॅशियम वाढण्याची.

तिसरी, मोठ्या केंद्रात हृदयरोपणाच्या विचारासाठी पाठवायचं. औषधं नीट देऊन पाहिलेलीच नव्हती, त्यामुळे ही वाट बंद केली नाही, पण मागे ठेवली.

दुसरी निवडली. डॅपाग्लिफ्लोझिन १० मिलिग्रॅम आणि स्पायरोनोलॅक्टोन १२.५ आधी, कारण या दोन्हींनी बीपी फारसं उतरत नाही. फुप्फुसं कोरडी झाल्यावर मेटोप्रोलॉल १२.५, मग रॅमिप्रिल १.२५. स्पायरोनोलॅक्टोननं मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांनी घटतं हे १९९९ पासून माहीत आहे, मेटोप्रोलॉलचंही त्याच वर्षापासून. एवढी जुनी, एवढी स्वस्त औषधं मी जुलैमध्ये 'पुढच्या वेळी'वर ढकलली होती. लोहासाठी शिरेतून इंजेक्शन दिलं. सूज पूर्ण उतरेपर्यंत घरी सोडलं नाही. घोटा रोज बोटानं दाबून बघितला.

काटा आणि वही

घरी वजनकाटा नव्हता. 'गुऱ्हाळावर आहे की,' आण्णांचा धाकटा म्हणाला. गुळाचे रवे तोलायचा इलेक्ट्रॉनिक काटा. हंगाम नसल्यामुळे तो रिकामा होता, तो घरी आला.

काम सुनेकडे गेलं. तिनं शंभर पानी वही घातली. सकाळी लघवी करून आल्यावर, चहाच्या आधी, काट्यावर. तारीख, वजन, सूज आहे-नाही, आणि चार रकाने चार गोळ्यांचे. 'पाण्याची गोळी' आणि 'आयुष्याच्या गोळ्या' हे शब्द तिचेच, मी तिच्याकडून घेतले आणि आता प्रत्येक रुग्णाला तेच सांगतो. तीन दिवसांत दोन किलोच्या वर वजन गेलं तर फोन करायचा, एवढा एकच नियम दिला.

पहिला फोन सप्टेंबरमध्ये आला : 'सर, मामांचं वजन कालपासून दीड किलो वाढलंय.' गौरी-गणपतीचे दिवस, पाहुण्यांसोबत तांबडा-पांढरा झाला होता, खर्डा आणि पापड होतेच. लघवीची गोळी दोन दिवस वाढवली, उतरलं. मिठाबद्दल मी आता जरा सैल झालो आहे. वरून मीठ नको, लोणचं-पापड नको, एवढं पुरे. २०२२ च्या सोडियम-एचएफ अभ्यासात अगदी काटेकोर मीठबंदीनं मृत्यू किंवा दाखल होणं स्पष्टपणे कमी झालं नाही. घरातला सगळा जोर मिठावर खर्च होऊन गोळ्या चुकत असतील, तर ते चुकीच्या जागी लढणं झालं.

भेट सातव्या दिवशी, मग चौदाव्या, मग दर पंधरवड्याला. यायला जमलं नाही तर जवळच्या लॅबमध्ये रक्त, आकडे फोनवर. नोव्हेंबरपर्यंत मेटोप्रोलॉल १०० आणि रॅमिप्रिल ५ पर्यंत पोचलं. पंपिंग ३० टक्के झालं. जिना चढता येऊ लागला.

चुलवाणाची धग

आम्हाला न सुचलेली अडचण हंगामानं आणली. दिवाळीनंतर चुलवाण पेटलं आणि आण्णा काहिलीशी उभे राहिले. कुणाला विचारलं नाही. बरं वाटत होतं. तीन आठवड्यांत चक्कर आली. बीपी ८४, क्रिएटिनिन २.१, पोटॅशियम ५.७. जीभ कोरडी, पायांवर सुजेचा मागमूस नाही. वहीत वजन साडेतीन किलोनं उतरलेलं. फोनचा नियम फक्त वाढीचा दिला होता, घटीचा नाही, म्हणून सून गप्प राहिली. गुडघ्यासाठी दुखण्याची गोळी पुन्हा सुरू झाली होती, तीही याच वेळी कळली.

अशा वेळी डॉक्टरचा हात आपोआप सगळं बंद करायला जातो. बऱ्याच रुग्णांची आयुष्याची औषधं अशाच एका दिवशी थांबतात आणि पुन्हा कधीच सुरू होत नाहीत. आम्ही स्वतःला विचारलं, हे औषधांमुळे आहे की कोरडं पडल्यामुळे? माणूस दिवसभर घामानं निथळत होता आणि वर लघवीची औषधं घेत होता. म्हणून दुखण्याची गोळी कायमची बंद केली, फ्युरोसेमाइड थांबवलं, स्पायरोनोलॅक्टोन आणि डॅपाग्लिफ्लोझिन तात्पुरती थांबवली, रॅमिप्रिल निम्मं केलं. मेटोप्रोलॉलला हात लावला नाही. तीन दिवसांनी पोटॅशियम ४.९, आठवड्यानं क्रिएटिनिन १.६. थांबवलेलं प्रत्येक औषध कोणत्या तारखेला परत सुरू करायचं हे त्याच दिवशी वहीत लिहिलं होतं. त्याप्रमाणे सगळी परत आली, फ्युरोसेमाइड मात्र निम्म्या मात्रेत.

आयसीडीचा प्रश्न

हार्ट फेल्युअरचा माणूस मुख्यतः दोन तऱ्हांनी जातो. पंप हळूहळू थकत जातो, किंवा बरा चालता-बोलता असताना ठोके बिघडून क्षणात कोसळतो. दुसऱ्या मृत्यूपासून वाचवायला आयसीडी हे यंत्र छातीत बसवतात. तीन महिने पूर्ण औषधं देऊनही पंपिंग ३५ टक्के किंवा त्याखाली राहिलं तर ते सुचवायचं, असा संकेत आहे. आण्णा ३० वर होते. मी स्पष्ट सुचवलं.

खर्च लाखांतला. आण्णांनी दोन दिवस घेतले आणि नको म्हणाले. 'अर्धा एकर इकून मी जगलो, तर पोरं कशावर जगायची?' थोरल्याचं मत वेगळं होतं, घरात वाद झाला. मी पुन्हा एकदा सगळं समजावलं आणि त्यांचा निर्णय मान्य केला. सहा महिन्यांनी इकोत पंपिंग ३६ आलं आणि प्रश्न मागे पडला. पण मधल्या काळात काही झालं असतं तर? पंपिंग वाढलं म्हणून तो निर्णय बरोबर होता असं मी म्हणू शकत नाही. शासकीय योजनेतून किंवा ट्रस्टच्या मदतीतून काही जमतंय का, याची चौकशी तेव्हा घरच्यांवर सोडली. ती आम्ही करायला हवी होती.

निष्पत्ती

जानेवारी २०२३ मध्ये सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टनच्या जेनेरिक गोळ्या बाजारात आल्या आणि किंमत आवाक्यात आली. मार्चमध्ये रॅमिप्रिल बंद केलं, ३६ तासांचं अंतर ठेवून नवी गोळी सुरू केली. हे अंतर पाळलं नाही तर तोंड-घसा सुजण्याचा धोका असतो, म्हणून सुनेनं जुनी पाकिटं आमच्यासमोर काउंटरवर ठेवली.

ऑगस्ट २०२१ नंतर हार्ट फेल्युअरसाठी आण्णा एकदाही दाखल झाले नाहीत. २०२४ च्या जानेवारीत न्यूमोनियानं सहा दिवस होते. लस द्यायची राहून गेली होती, ती नंतर दिली. २०२५ च्या पावसाळ्याआधीच्या तपासणीत पंपिंग ३८, क्रिएटिनिन १.५, बीपी १०४. बिडी सुटली, तंबाखू पूर्ण सुटलेली नाही. भर चालीनं चढ चढला तर दम लागतो.

काय वेगळं करता आलं असतं

जुलै २०२१ मध्ये घोट्याची सूज घेऊन त्यांना घरी सोडायला नको होतं, आणि चारही औषधं तेव्हाच सुरू व्हायला हवी होती. २०२२ मध्ये स्ट्राँग-एचएफ अभ्यासानं नेमकं हेच तपासलं : घरी सोडल्यावर दोन आठवड्यांत मात्रा पूर्ण करायची आणि वरचेवर बोलवायचं. अशा रुग्णांमध्ये सहा महिन्यांत मृत्यू किंवा पुन्हा दाखल होण्याचं प्रमाण १५.२ टक्के, नेहमीच्या पद्धतीत २३.३ टक्के.

औषधं भेटीच्या तारखेपेक्षा दोन आठवडे जास्तीची द्यायची, हा बदल आम्ही लगेच केला. नदीकाठच्या गावांतल्या रुग्णांना जूनमध्ये दोन महिन्यांची देतो. चिठ्ठीचा फोटो रुग्णाच्या आणि घरातल्या आणखी एकाच्या मोबाइलमध्ये काढून ठेवायला सांगतो. वजनाचा नियम आता दोन्ही बाजूंचा आहे.

आणि माणूस काय काम करतो हे विचारायचं, नुसतं 'शेतकरी' लिहून पुढे जायचं नाही. माझ्या केसपेपरवर पहिल्या दिवशी 'शेती' लिहिलं होतं. गुऱ्हाळ हा शब्द त्यात पाच महिन्यांनी आला.

आण्णा आता काहिलीशी उभे राहत नाहीत. धगीपासून दहा-बारा फुटांवर खुर्ची टाकून बसतात, धाकटा पाकाचा थेंब पाण्यात टाकून वाटी त्यांच्याकडे आणतो. हंगाम सुरू व्हायच्या आधी लघवीच्या गोळीची मात्रा ठरवायला ते येतात. यंदाची तारीख सुनेनं वहीच्या मुखपृष्ठावर लिहून ठेवली आहे. वही चौथी आहे.